औपचारिक म्हटलेला सामना

धावसंख्या वहीत टिपून ठेवण्याची सवय मला शाळेत असल्यापासून आहे. त्या वह्यांपैकी एका वहीतले २० जानेवारी २०१६ चे पान मी आजही अधूनमधून उघडून पाहतो. कॅनबेराच्या मानुका ओव्हलवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात झालेल्या चौथ्या एकदिवसीय सामन्याचे ते पान आहे. पानाच्या तळाशी भारताचे गडी कोणत्या धावसंख्येवर बाद झाले त्याची ओळ आहे : पहिला ६५, दुसरा २७७, तिसरा २७७, चौथा २७८. ६५ आणि २७७ या दोन आकड्यांमध्ये शिखर धवन आणि विराट कोहली यांची २१२ धावांची भागीदारी आहे. तिथे पेन्सिल अगदी हलक्या हाताने फिरलेली दिसते. त्यापुढचे आकडे मात्र इतके दाबून लिहिले गेले आहेत की त्यांचे वळ मागच्या पानावर हाताला लागतात. ३४९ धावांचा पाठलाग करताना ७५ चेंडूंत ७२ धावा हव्या होत्या, नऊ गडी हातात होते, दोन्ही फलंदाजांची शतके झालेली होती, आणि तिथून ४६ धावांत नऊ गडी गमावून आपण २५ धावांनी हरलो.

पर्थ, ब्रिस्बेन आणि मेलबर्न इथले तीन सामने आधीच हातचे गेले होते, त्यामुळे कॅनबेरानंतर मालिकेचा हिशेब चार-शून्य झाला. पुढचा सामना तीन दिवसांनी सिडनीला होता. वर्तमानपत्रांच्या भाषेत अशा सामन्याला ‘औपचारिक लढत’ म्हणतात. मला तो शब्द तेव्हाही पटला नव्हता आणि आज तर मुळीच पटत नाही. त्या महिनाभरातला सर्वांत महत्त्वाचा सामना तोच होता, असे माझे मत आहे. ते मांडायचे, तर आधीच्या चार पराभवांतून जावे लागते.

हा दौरा केवळ मर्यादित षटकांच्या सामन्यांचा होता : पाच एकदिवसीय आणि तीन टी-ट्वेंटी, कसोटी एकही नाही. अशा दौऱ्यांकडे आपण थोडे वरून पाहतो. कसोटी मालिकेच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. पांढऱ्या चेंडूचा दौरा मात्र पुढचा दौरा सुरू होताच विस्मरणात जातो. मला वाटते, आपण या दौऱ्यांवर अन्याय करतो. कसोटी मालिकेत चुका सुधारायला सराव सामने असतात, दोन कसोट्यांमधले आठवडे असतात आणि एकाच सामन्यात दुसरा डावही असतो. इथे मात्र १२ जानेवारीला पर्थ, १५ ला ब्रिस्बेन, १७ ला मेलबर्न, २० ला कॅनबेरा आणि २३ ला सिडनी असा क्रम होता, म्हणजे बारा दिवसांत पाच सामने. ऑस्ट्रेलिया खंडाच्या पश्चिम टोकाहून निघून पूर्व टोकाला पोहोचायचे, घड्याळ बदलायचे, उसळीचा नवा अंदाज घ्यायचा आणि लगेच पुन्हा उभे राहायचे. ब्रिस्बेनच्या रात्रीचा सामना संपल्यावर मेलबर्नच्या नाणेफेकीपर्यंत मध्ये अवघा एक पूर्ण दिवस होता. अशा वेळी संघाची जी विचारपद्धती असते, तीच त्याच्या खेळात पुन्हा पुन्हा दिसते, कारण ती बदलायला सवड मिळत नाही.

आपली विचारपद्धती पर्थलाच उघडी पडली होती. वाकाच्या मैदानावर रोहित शर्माने १६३ चेंडूंत नाबाद १७१ धावा केल्या. ऑस्ट्रेलियात ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाहुण्या फलंदाजाने केलेली ती तोवरची सर्वोच्च खेळी होती. त्याआधीचा उच्चांक १९७९ पासून व्हिव्हियन रिचर्ड्सच्या नाबाद १५३ धावांचा होता. वाकाची उसळी म्हणजे पाहुण्या फलंदाजाची परीक्षा असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो, आणि रोहित त्याच उसळीवर मागच्या पायावर जाऊन चेंडू मिडविकेटच्या पलीकडे भिरकावत होता. कोहलीने ९१ धावा केल्या, दोघांची २०७ धावांची भागीदारी झाली आणि ५० षटकांत भारताच्या ३ बाद ३०९ धावा झाल्या. धावफलक पाहून कोणालाही समाधान वाटले असते. मलाही ते वाटले आणि वहीत मी त्या आकड्याभोवती एक चौकट आखली.

आज त्या चौकटीकडे पाहिले की त्यातला ‘३’ हा आकडा मला खटकतो. तीनच गडी बाद, म्हणजे सात शिल्लक. संसारात शिल्लक हा गुण आहे, पण एकदिवसीय क्रिकेटमध्ये उरलेले गडी पुढच्या सामन्यासाठी राखून ठेवता येत नाहीत. पन्नासावे षटक संपले की ती शिल्लक तिथेच संपते. आपण पहिल्या चाळीस षटकांत गडी जपले आणि शेवटच्या दहांत फटकेबाजी केली. ही पद्धत आपल्या संघाने वर्षानुवर्षे वापरली होती आणि तिने सामने जिंकूनही दिले होते. नियम मात्र दरम्यान बदलले होते. २०११ पासून दोन्ही टोकांकडून वेगवेगळा नवा चेंडू वापरला जात होता, त्यामुळे डावाच्या अखेरीसही प्रत्येक चेंडू केवळ पंचवीस षटके जुना असे. तो टणक राही, बॅटवरून सुटे आणि रिव्हर्स स्विंगला, म्हणजे जुना चेंडू हवेत उलट दिशेने वळवण्याला, फारसा वाव देत नसे. अकराव्या ते चाळिसाव्या षटकापर्यंत खेळपट्टीभोवतीच्या तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर फक्त चारच क्षेत्ररक्षक ठेवता येत. २०१५ च्या जुलैपासून शेवटच्या दहा षटकांत पाच क्षेत्ररक्षक बाहेर ठेवण्याची मुभा गोलंदाजांना पुन्हा मिळाली. म्हणजे ज्या दहा षटकांसाठी आपण गडी साठवत होतो, ती दहा षटके आता पूर्वीपेक्षा अवघड झाली होती आणि ज्या मधल्या तीस षटकांत आपण सावध खेळत होतो, त्यांत धावा काढणे सोपे होते.

स्टीव्ह स्मिथ आणि जॉर्ज बेली यांना हे नेमके कळले होते. पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना खेळणाऱ्या बरिंदर सरनने ऑस्ट्रेलियाची अवस्था २ बाद २१ अशी करून ठेवली होती, आणि बेलीला त्याने टाकलेला पहिलाच चेंडू ग्लोव्हला लागून यष्टिरक्षकाच्या हातात गेला होता. पंचांनी नाबाद ठरवले. तिसऱ्या पंचांकडे दाद मागण्याची सोय त्या मालिकेत नव्हती, कारण भारतीय मंडळाने तोवर पुनरावलोकनाची पद्धत स्वीकारलेली नव्हती. ती आपण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, इंग्लंडविरुद्धच्या कसोटी मालिकेत स्वीकारली. बेलीने ११२ धावा केल्या, स्मिथने १४९ आणि दोघांनी मिळून २४२ धावा जोडल्या. तो एक चेंडू आपल्या बाजूने गेला असता तर काय झाले असते हा प्रश्न मला त्या रात्री फार छळत होता, पण पुढचे दोन सामने पाहिल्यावर त्याचा जोर कमी झाला. ब्रिस्बेनला आपण ८ बाद ३०८ धावा केल्या आणि हरलो. मेलबर्नला ६ बाद २९५ केल्या आणि हरलो. एका चुकीच्या निर्णयावर तीन पराभवांचा भार टाकता येत नाही.

प्रतिस्पर्धी संघही पूर्ण ताकदीचा नव्हता, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. मायकल क्लार्क आणि मिचेल जॉन्सन निवृत्त झाले होते, मिचेल स्टार्क जायबंदी होता आणि पर्थला ऑस्ट्रेलियाने स्कॉट बोलंड आणि जोएल पॅरिस या दोन नवख्यांच्या हाती चेंडू दिला होता. या गोलंदाजीविरुद्ध तीनशेच्या आसपासची धावसंख्या ही आपली ताकद असल्याचे आम्ही मानत होतो. प्रत्यक्षात ती आपली मर्यादा होती.

पर्थला ऑस्ट्रेलिया जिंकले तेव्हा चार चेंडू शिल्लक होते, ब्रिस्बेनला सहा आणि मेलबर्नला सात. तिन्ही सामने मिळून सतरा चेंडू. तीन षटकांपेक्षाही कमी अंतराने आपण मालिका गमावली होती, आणि तरीही ‘थोडक्यात हुकले’ असे मला म्हणवत नाही. तिन्ही वेळा समोरच्या संघाचा पाठलाग मधल्या षटकांतच रुळावर आलेला होता. फक्त मेलबर्नला ६ बाद २१५ अशा अवस्थेत ते अडचणीत सापडले होते, आणि तिथून ग्लेन मॅक्सवेलने ९६ धावा करून त्यांना बाहेर काढले. त्या मैदानाच्या सीमारेषा यष्टींच्या दोन्ही बाजूंना फार लांब आहेत. मॅक्सवेल आणि जेम्स फॉकनर यांनी त्या मोकळ्या जागांत चेंडू ढकलून ज्या दुहेरी धावा पळून काढल्या, त्या मला मॅक्सवेलच्या षटकारांपेक्षा जास्त लागल्या, कारण त्याच जागा आपल्या डावातही तशाच मोकळ्या होत्या.

ब्रिस्बेनचे एक दृश्य मात्र मला क्रिकेटपुरते न राहता व्यक्तिशः भिडले. रोहित १२४ वर होता आणि समोर अजिंक्य रहाणे खेळत होता. मुंबईच्या मैदानांवर घडलेले दोन फलंदाज ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर शतकी भागीदारी करत होते. रहाणेने फॉकनरला सरळ, जमिनीलगत ड्राइव्ह मारला. असा फटका रहाणेच्या बॅटमधून निघतो तेव्हा त्यात जोर लावल्याचे कुठेच दिसत नाही. बॅट शेवटपर्यंत सरळ राहते आणि चेंडू जणू तिच्यावरून ओघळून जातो. फॉकनरने खाली वाकून हात घातला, चेंडू त्याला ओझरता लागला आणि यष्ट्यांवर आदळला. नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला रोहित रेषेबाहेर होता. इतका सुंदर फटका आणि त्यावर धावबाद झाला तो साथीदार. रहाणे ८९ वर बाद झाला. त्या डावातला त्याचा वेग धावेमागे एक चेंडू याहून अधिक होता, आणि संघाला ज्या गतीची गरज होती ती दाखवणाऱ्या मोजक्या फलंदाजांत तो होता, हे त्या वेळी फारसे कोणी बोलले नाही. कॅनबेराला क्षेत्ररक्षण करताना त्याच्या बोटांना दुखापत झाली. टाके घातलेल्या हाताने तो नेहमीच्या क्रमांकापेक्षा खाली खेळायला आला आणि दोन धावांवर बाद झाला.

कॅनबेराच्या पाठलागात आपण मधल्या षटकांत धावा काढल्या, हे त्या पराभवाच्या गोंगाटात हरवून गेले. पहिल्या ३७ षटकांत २७७ धावा म्हणजे षटकामागे सात धावांहून अधिक गती झाली. याआधीच्या तीन सामन्यांत असे एकदाही घडले नव्हते. जुनी पद्धत तिथेच सुटली होती. मग धवन बाद झाला, त्याच षटकात कर्णधार महेंद्रसिंग धोनी शून्यावर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन परतला, पुढच्या षटकात कोहली गेला, आणि जिंकण्याची घाई की हरण्याची भीती हे न कळता एकेक जण परतत राहिला. केन रिचर्डसनने पाच बळी घेतले. रवींद्र जडेजा एका टोकाला २४ धावांवर नाबाद उभा होता. आपण स्वतः टिकून सामना संपवायला हवा होता, ती जबाबदारी आपलीच होती, असे धोनीने सामन्यानंतर उघडपणे मान्य केले. पराभवानंतर दोष नवख्यांवर ढकलणे सोपे असते, आणि त्या संघात गुरकीरतसिंग मान व ऋषी धवन हे दोघे नवखे होतेच. धोनीने ते केले नाही. त्याच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला, आणि तो शून्यावर बाद झाला होता त्याच दिवशी वाढला याचे मला आजही अप्रूप वाटते.

अशा मनःस्थितीत संघ सिडनीला पोहोचला. दहा महिन्यांपूर्वी, २६ मार्च २०१५ रोजी, याच मैदानावर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात आपण याच ऑस्ट्रेलियाकडून ९५ धावांनी हरलो होतो. आता ऑस्ट्रेलियाने ७ बाद ३३० धावा उभारल्या. डेव्हिड वॉर्नरने १२२ केल्या आणि मिचेल मार्श १०२ वर नाबाद राहिला. चार-शून्य पिछाडीवर असलेल्या थकलेल्या संघाने इथे मान टाकली असती तरी कोणी त्याला फार बोल लावला नसता.

‘औपचारिक’ हा शब्द मला का पटत नाही, याचे उत्तर त्या डावात आहे. मालिका जिवंत असताना खेळणारा संघ निकालाच्या भीतीने जखडलेला असतो आणि मालिका गेल्यावर ती भीती गळून पडते हे खरे. पण त्यासोबत खेळण्याची इच्छाही गळून पडू शकते. सिडनीला भीती गेली आणि इच्छा राहिली. रोहित आणि धवन यांनी १२३ धावांची सलामी दिली. धवन ७८ वर बाद झाला. कोहली ८ धावांवर परतला. रोहित ९९ वर, शतकाला एक धाव असताना, झेलबाद झाला. कॅनबेराची पुनरावृत्ती होण्यासाठी लागणारे सगळे काही जमून आले होते.

मैदानावर होता मनीष पांडे. भारतीय फलंदाजांत आयपीएलमधले पहिले शतक याच मुलाने २००९ मध्ये ठोकले होते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय संधीसाठी त्याला २०१५ च्या जुलैपर्यंत, झिम्बाब्वेच्या दौऱ्यापर्यंत थांबावे लागले. या दौऱ्यातही ब्रिस्बेनला ६ धावा केल्यावर तो संघाबाहेर गेला होता, आणि रहाणेचे बोट दुखावले म्हणूनच तो सिडनीला परत आला. पांडेच्या खेळात त्या दिवशी मला सर्वांत जास्त आवडले ते त्याचे पळणे. एक धाव घेतली की तो दुसऱ्या धावेसाठी वळलेलाच असायचा, आणि समोर धोनी असल्यामुळे त्याच्या प्रत्येक हाकेला प्रतिसाद मिळत होता. ज्या मोकळ्या जागा मेलबर्नला मॅक्सवेलने वापरल्या होत्या, त्या आता पांडे वापरत होता.

अखेरच्या षटकात १३ धावा हव्या होत्या आणि चेंडू मिचेल मार्शच्या हातात होता. पहिला चेंडू वाइड पडला. त्यानंतरचा चेंडू धोनीने सरळ षटकारासाठी उचलला. पुढच्याच चेंडूवर तसाच फटका मारताना तो सीमारेषेजवळ वॉर्नरच्या हाती झेल देऊन बाद झाला. चार चेंडूंत सहा धावा राहिल्या होत्या, आणि मला समोर पुन्हा कॅनबेराचे पान दिसू लागले. पांडेने चौकार मारला. त्याचे शतक त्याच चौकाराने पूर्ण झाले. त्याने बॅट उंचावली, पण नजर धावफलकावर ठेवली. पुढच्या चेंडूवर त्याने पळून दोन धावा काढल्या. ८१ चेंडूंत नाबाद १०४, भारत ४ बाद ३३१, दोन चेंडू शिल्लक.

यानंतरच्या तीन टी-ट्वेंटी सामन्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांना आठवतात. २६ जानेवारीला, आपल्या प्रजासत्ताकदिनी आणि त्यांच्या ऑस्ट्रेलिया दिनी, ॲडलेडला कोहलीच्या नाबाद ९० धावांवर आपण ३७ धावांनी जिंकलो. मेलबर्नला २७ धावांनी जिंकलो. ३१ तारखेला सिडनीला शेन वॉटसनने नाबाद १२४ धावा केल्या, तरी सुरेश रैनाने अखेरच्या चेंडूवर चौकार मारून तीन-शून्य असा निकाल लावला. न्यूझीलंडचा दौरा तोंडावर असल्याने स्मिथ आणि वॉर्नर पहिल्या सामन्यानंतर निघून गेले होते, तेव्हा या विजयाचे मोल लावताना तेही ध्यानात घ्यावे. मात्र शेवटच्या षटकात १७ धावा हव्या असताना युवराजसिंगने पहिल्या दोन चेंडूंवर चौकार आणि षटकार मारले, तो आत्मविश्वास त्याच मैदानावर आठ दिवसांपूर्वी पांडेने काढलेल्या त्या दोन धावांतून आला होता, असे मला मनापासून वाटते.

रोहित ४४१ धावा करून एकदिवसीय मालिकेचा मालिकावीर ठरला. पाच सामन्यांत दोन्ही संघांची मिळून अकरा शतके झाली, आणि त्या दौऱ्याचा विषय निघाला की लोक फलंदाजांबद्दलच बोलतात. माझ्या वहीतले २३ जानेवारीचे पान मी उघडतो तेव्हा मात्र नजर आधी गोलंदाजांच्या रकान्यात जाते. टी-ट्वेंटी सामन्यांसाठी ऑस्ट्रेलियात आलेल्या एका बावीस वर्षांच्या गोलंदाजाला त्या दिवशी एकदिवसीय संघात उतरवले गेले. धावत येण्याची त्याची ढब विचित्र होती. सुरुवातीची पावले अडखळत टाकल्यासारखी, मग अचानक वेग, आणि चेंडू सोडताना कोपरातून जराही न वाकलेला तो हात. त्याच्या चेंडूवर फलंदाजाची बॅट दर वेळी किंचित उशिरा खाली येत होती. त्याने स्टीव्ह स्मिथला बाद केले, नंतर फॉकनरला. ज्या डावात बाकीच्या चाळीस षटकांत २९० धावा निघाल्या, त्या डावात त्याच्या नावापुढे मी दहा षटके, ४० धावा, २ बळी असे लिहिले आहे. नाव नवे होते, म्हणून ते मी आडनावासकट पूर्ण लिहिले : जसप्रीत बुमराह.